पिकअपमध्ये क्रेटवरचा रॅचेट पट्टा सैल पडायचा: माझा अनुभव

नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशीला जाताना माळशेज घाटात पोचेपर्यंत रॅचेट पट्टा (दांडी मागेपुढे करून आवळायचा, माल बांधायचा पट्टा) सैल. त्यात साठच्या पुढे वेग गेला की पट्टा भुंग्यासारखा घुमायचा. आणखी आवळला तर वरच्या क्रेटच्या कडा तुटल्या. नायलॉनची दोरी जोडीला बांधली, तीही ताणली गेली. दोन फेऱ्यांत डोकं उठलं.

शेवटी जमलं ते असं. आधी क्रेट पुढच्या जाळीला टेकवून घट्ट लावले, मधे फट नाही. हुक पत्र्याच्या कडेवरून काढून हौद्याच्या वेल्ड केलेल्या कड्यांत अडकवले. वरच्या कडांवर जुन्या टायरचे तुकडे ठेवले. मग पट्टा हातानेच पूर्ण ओढला आणि नंतरच रॅचेट चालवलं. रिळावर दोन-तीन वेढे पुरतात. जास्त झाले की ते अडकतं. दांडी पूर्ण मिटवली, नाहीतर लॉक बसत नाही. मोकळ्या लांब भागात एक पीळ दिला, घुमणं तिथेच थांबलं. उरलेलं टोक गुंडाळून ट्यूबच्या रबराने बांधलं. लोंबतं टोक चाकात जातं.

आळेफाट्याला थांबून पुन्हा दोन खटके आवळतो, कारण माल बसतो तो पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्येच.