टपरीवरचं बोलणं मीटिंगमध्ये कसं आणावं

अंधेरी एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत मी छोटी टीम सांभाळत होतो. आम्ही कमी पुठ्ठ्यात बसणारा नवा खोका तयार केला. मे महिन्यात नमुने पास झाले, जुलैत माल गेला, आणि भिवंडीच्या गोदामात थप्पीतले खालचे खोके दबून फुटले. पुठ्ठा हवेतली ओल धरतो आणि त्याची ताकद घटते. मे महिन्यातल्या चाचणीत हे दिसलंच नाही, पण मशीनवरच्या काकांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग पिताना दोघा-तिघांना त्यांनी सांगितलंही होतं. मला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाले, "साहेब, मागल्या खेपेला बोललो, तेव्हा तुम्ही म्हणालात, डिझाइनचं आम्ही बघतो."

ते वाक्य मी खरंच बोललो होतो, आणि पुढे लिहिलेलं सगळं त्यातूनच शिकलो आहे.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका शोधनिबंधात टीममधल्या मानसशास्त्रीय सुरक्षिततेचा अभ्यास मांडला. साध्या शब्दांत, प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा अर्धवट सुचलेलं बोललं तरी इथे आपला पाणउतारा होणार नाही, असा टीममधल्या सगळ्यांना असलेला भरवसा. नवी कल्पना सुरुवातीला अर्धवटच असते. हा भरवसा नसेल तर ती टपरीवरच राहते. 'लहान तोंडी मोठा घास' ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना तर गप्प बसण्याची सवय घरातूनच असते.

आधी शांतता मोजा

दोन आठवडे मीटिंगमध्ये वहीत फक्त एवढं टिपा: कोण बोललं, कोण एकदाही बोललं नाही, 'मला कळलं नाही' कुणी म्हटलं. मग नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या. एकच प्रश्न पुरे: 'या टीममध्ये चूक झाली तर ती माणसाच्या नावावर चिकटून राहते का?' चिठ्ठ्यांवरून अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नका. ते एकदा कळलं की पुन्हा कुणी खरं लिहिणार नाही.

चुकांची नोंद वाढली म्हणून घाबरूही नका. एडमंडसन यांनी त्याआधी रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघाल्या जास्त, कारण त्या टीममधली माणसं चुका लपवत नव्हती, असा अर्थ पुढे त्यांनी लावला.

भाषा आणि वेळ बदला

मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे आणि याकडे फार कमी लोक बघतात. मीटिंग इंग्रजीत सुरू झाली की मशीनवरचा, स्टोअरमधला, डिस्पॅचचा माणूस मान डोलावत बसतो. त्याच्याकडे मुद्दा नसतो असं नाही. मुद्दा मराठीत किंवा हिंदीत असतो, आणि मोडक्या इंग्रजीत बोलून हसं करून घेण्यापेक्षा तो गप्प राहणं पसंत करतो. सुरुवातीलाच सांगा, ज्याला जी भाषा जमते त्या भाषेत बोला. नुसतं सांगून भागत नाही. पहिलं वाक्य तुम्ही स्वतः मराठीत बोला. स्लाइड इंग्रजीत असली तरी चालेल, चर्चा इंग्रजीतच हवी असा हट्ट नको.

आणि महत्त्वाचा प्रश्न शेवटी ठेवू नका. पावणेसहाच्या मीटिंगमध्ये सहाला 'कुणाला काही शंका?' विचारलंत, तर विरारला जाणाऱ्याचं लक्ष फास्ट लोकलकडे लागलेलं असतं. त्या वेळी शंका काढणारा म्हणजे सगळ्यांची गाडी चुकवणारा. अवघड प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत घ्या.

नेमकं विचारा, धाकट्यापासून सुरुवात करा

'काही सूचना?' या प्रश्नाला उत्तर येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धत मी हटकून वापरतो. काम सुरू करण्याआधी टीमला सांगायचं: समजा सहा महिने झालेत आणि हे काम साफ फसलंय, का फसलं ते लिहा. प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून लिहायचं, मग वाचून दाखवायचं. सगळ्यांत नवा माणूस आधी, तुम्ही सगळ्यांत शेवटी. साहेबांचं मत आधी कळलं की बाकीच्यांची मतं त्याच्या मागे रांगेत उभी राहतात. या पद्धतीत खोट काढणं हेच नेमून दिलेलं काम असतं, त्यामुळे खोट काढणारा कुणाचा विरोधक ठरत नाही.

पहिली वाईट बातमी आली की

सगळी मेहनत इथे टिकते किंवा वाया जाते. कुणीतरी येऊन सांगतं की डाय, म्हणजे खोका कापायचा साचा, चुकीची कापली गेली. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्याकडे सगळी टीम बघत असते. आधी म्हणा, "बरं झालं लगेच सांगितलंस." मग, "आत्ता काय करता येईल?" कारणं दुसऱ्या दिवशी शोधा, आणि तेव्हाही 'कुणी केलं' न विचारता 'कसं झालं' विचारा.

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला काही बिघाड दिसला तर तो दोरी ओढतो. लाइन तिथेच लगेच थांबतेच असं नाही. आधी टीमचा प्रमुख मदतीला धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. दोरी कुणीही बसवू शकतं. ती ओढल्यावर मदतीला कुणी येतं का, यावर पुढच्या वेळी ती ओढली जाणार की नाही हे ठरतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणालाही फैलावर घेऊ नका. रात्री दहाला ग्रुपवर पडलेला एक मेसेज चार महिन्यांची कमाई घालवतो. बोलायचंच असेल तर फोन करा.

सूट कशाला आणि कशाला नाही

याचा अर्थ वाटेल ते चालेल असा नाही. सुरक्षेचं गार्ड न लावता मशीन चालवलं, तर बोलावंच लागेल. ठरलेली पद्धत मोडून झालेली चूक वेगळी, आणि विचार करून केलेला प्रयोग फसणं वेगळं. टाटा समूहात 'डेअर टू ट्राय' नावाचा पुरस्कार दिला जातो, तो गंभीरपणे केलेल्या पण यश न मिळालेल्या प्रयत्नांसाठी. पुरस्कार प्रत्येकाला परवडणार नाही, पण प्रयोगाची चौकट कुणीही आखू शकतं: खर्च जास्तीत जास्त पाच हजार, मुदत दोन आठवडे, आणि काय दिसलं तर थांबायचं ते आधी लिहिलेलं. या चौकटीत फसलं तर जबाबदारी तुमची, हे टीमसमोर मोठ्याने सांगा. वरच्यांनी विचारलं तर तिथेही तेच सांगा.

सूचनेचं काय झालं ते सांगा

एक फळा पुरतो. सूचना, कुणाची, काय ठरलं. 'नाही' ठरलं तर कारणासकट 'नाही' लिहा. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही.

आमच्या फळ्यावरची पहिली ओळ काकांची होती. नमुन्याचे खोके पावसाळ्यात दोन रात्री गेटजवळच्या शेडमध्ये भरून, थप्पी लावून ठेवायचे, मगच पास करायचे. पहिल्याच जूनमध्ये सातपैकी तीन नमुने दबून फुटले. काकांनी ते स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवले.