एपीआय डॉक्सची बिल्ड गंडली तर आधी काय बघायचं

एपीआय डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे कोड आणि त्यातल्या कमेंटींवरून माहितीची पानं टूलने तयार करायचं काम बहुतेक टीममध्ये नवीन आलेल्याच्या गळ्यात पडतं, मग बिल्ड पास पण पानं कोरी असं झालं की तो बिचारा कॉन्फिगमधली सेटिंग्ज एकेक करून चालू-बंद करत बसतो. ते करू नका. तुमचं टूल कोड नेमका कसा वाचतं ते आधी बघा, अर्धं काम तिथेच होतं.

स्फिंक्स हे पायथनवाल्यांचं डॉक्स टूल, त्याचं ऑटोडॉक एक्स्टेन्शन पायथन मॉड्यूल चक्क इम्पोर्ट करतं, म्हणजे कोड खरोखर चालवतं. पाथ चुकला किंवा एखादी लायब्ररी त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नसली की इम्पोर्ट फसतो, पण ती नुसती वॉर्निंग धरली जाते आणि शेवटी बिल्ड सक्सेसफुल, म्हणून लॅपटॉपवर नीट दिसतं आणि सीआयमध्ये (सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये) पान रिकामं. पाथ कॉन्फ फाइलमध्ये द्या, जड लायब्रऱ्या मॉक इम्पोर्टच्या (खऱ्याऐवजी नकली लायब्ररी धरायच्या) यादीत टाका आणि सीआयमध्ये कॅपिटल डब्ल्यू फ्लॅग लावाच, म्हणजे वॉर्निंग आली की बिल्ड पडेल (टीममधले कुरकुरतील, कुरकुरू दे). बदल करूनही जुनंच दिसत असेल तर कॅपिटल ई फ्लॅग लावा, ते सगळं नव्याने वाचायला लावतं.

डॉक्सिजन, म्हणजे मुख्यतः सी आणि सी++ वाल्यांचं टूल, त्याचं उलटं. ते कोड चालवत नाही, स्वतःच्या पार्सरने वाचतं, त्यामुळे लायब्ररी नसली तरी अडत नाही पण गोष्टी गुपचूप गायब होतात आणि मला हा प्रकार जास्त तापदायक वाटतो. रिकर्सिव्ह सेटिंग मुळात बंद असतं, म्हणजे आतले फोल्डर वाचलेच जात नाहीत. रिलेटिव्ह पाथ कॉन्फिग फाइल जिथे आहे तिथून नाही तर कमांड जिथून चालवली तिथून धरतात. ग्लोबल फंक्शनवर छान कमेंट आहे तरी दिसत नाही? त्या फाइललाच फाइल टॅगवाली कमेंट नसेल. दुसऱ्याची लांबलचक कॉन्फिग हातात आली तर मायनस एक्स देऊन चालवा, डिफॉल्टपेक्षा वेगळं जे आहे तेवढंच दाखवतं.

जावाचं स्वतःचं टूल जावाडॉक कंपायलरसारखंच वागतं, त्यामुळे क्लासपाथ (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ती यादी) नीट हवा. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, कमेंटमधलं चुकीचं एचटीएमएलही एरर म्हणून येतं, जुन्या प्रोजेक्टमध्ये असे ढीगभर निघतात. डॉकलिंट, म्हणजे ही कमेंटींची तपासणी, बंद करून बिल्ड आधी सुरू करा, कमेंटी नंतर निवांत सुधारा.