चिंचिलांची जुळलेली जोडी अचानक भांडायला लागली? मग निदान या चुका टाळा

"काल रात्री भांडले, आज वेगळे ठेवलेत, उद्या परत एकत्र सोडू का?" हा प्रश्न मला चिंचिला (दाट मऊ फरचा छोटा कुरतडणारा प्राणी) पाळणाऱ्या इतक्या जणांनी विचारलाय की आता तो ऐकला की पोटात गोळाच येतो, कारण विचारणाऱ्याने बहुतेक वेळा ठरवलेलं असतं की उद्या सोडायचंच, फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं असतं. मी हो म्हणत नाही. का ते खाली सविस्तर सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आणि त्याची किंमत माझ्या साय नावाच्या मादीने मोजली.

त्याआधी भांडण कशाला म्हणायचं ते बघू, कारण इथेच अर्धा गोंधळ होतो. गवताची काडी ओढाओढी करणं, फळीवरून एकमेकांना ढकलणं, अंगावर चढणं, एकाने क्यॅक क्यॅक केलं की दुसऱ्याने बाजूला होणं, ही रोजची कुरकुर आहे आणि जुळलेल्या जोडीतही चालते. अंगावर चढणं तर नर-नर, मादी-मादी सगळ्यांत दिसतं, ते "मी वरचा" सांगण्यासाठी. मादी मागच्या पायांवर उभी राहून लघवीची पिचकारी मारते तेव्हा ती ताकीद असते. ताकीद वारंवार मिळायला लागली तर लक्ष द्या, पण लगेच घाबरू नका.

खरं भांडण वेगळं दिसतं. दोघांचा गोळा होऊन लोळणं, किंचाळणं, सकाळी पिंजऱ्यात फरचे झुपके पडलेले असणं, कानाला किंवा पायाच्या बोटाला रक्त. चिंचिलाची फर पकडली की तेवढी फर सुटून हातात येते, शिकाऱ्यापासून निसटायची ती त्याची युक्ती आहे. म्हणजे झुपके दिसले तर कुणीतरी कुणाला तरी दातात धरलं होतं, "केस गळतायत" म्हणून सोडून देऊ नका.

आणि एक तिसरा प्रकार आहे जो जवळपास सगळ्यांकडून सुटतो, मुकं भांडण. आवाज नाही, रक्त नाही, फक्त एक जण सतत वरच्या कोपऱ्यात बसलेला आणि खाली वाटीकडे आला की दुसरा नुसता वळून बघतो आणि हा परत वर जातो. हे रात्री चालतं, आपण झोपलेलो असतो. कळायचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे वजन. किचनमधला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या, दर आठवड्याला ठरलेल्या वारी दोघांना तोला आणि लिहून ठेवा. पूर्ण वाढलेला चिंचिला साधारण ४०० ते ६०० ग्रॅमचा असतो, काही त्याहून मोठे, पण आकड्यापेक्षा दिशा बघा, दोन आठवडे सलग वजन उतरलं आणि दुसऱ्याचं मात्र स्थिर आहे तर मी थांबत नाही, वेगळं करते. वजनाची वही नसेल तर मला तुमच्या जोडीबद्दल काहीही विचारू नका असं मी आता सरळ सांगते, लोकांना राग येतो, येऊ दे.

सगळ्यात मोठी चूक: तिसऱ्या दिवशी परत एकत्र

ढगू आणि साय, दोघी सख्ख्या बहिणी, एका वेतातल्या, जन्मापासून एकत्र. चौदा महिन्यांच्या असताना एका रात्री पाठलाग सुरू झाला, सकाळी करड्या फरचे पाच-सहा झुपके. मी लगेच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, इथपर्यंत बरोबर केलं. तिसऱ्या रात्री बघते तर दोघी जाळीला नाक लावून एकमेकींसमोर बसलेल्या आणि बारीक आवाज काढतायत. मला वाटलं आठवण काढतायत, माझंच मन भरून आलं, आणि मी सायला उचलून ढगूच्या पिंजऱ्यात ठेवलं. पहिले तीन तास सगळं छान होतं, चिकटून बसल्या, एकीने दुसरीचा कान साफ केला. मी झोपले. पहाटे तीनला जी किंकाळी आली ती अजून विसरले नाहीये. सायच्या कानाची कड फाटलेली, ढगू तिच्या मानगुटीवर, आणि मी झोपेतून उठून सरळ हात घातला तर तो चावा माझ्या अंगठ्याला आरपार.

कान दिसला म्हणून कान साफ केला. जबड्याखालचा चावा दिसलाच नाही, कारण चिंचिलाच्या केसाच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस येतात, त्या दाटीत दाताचं छोटं भोक दिसणं शक्यच नाही. आठ-नऊ दिवसांनी साय गवत खायची थांबली, हात फिरवला तर जबड्याखाली गोटीएवढी गाठ. चावा आतून पिकला होता. या प्राण्यांचा पू पातळ नसतो, पेस्टसारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, त्यामुळे भूल देऊन गाठ उघडावी लागली, आणि नंतर कितीतरी दिवस मी दर तीन-चार तासांनी सिरिंजने भरवत होते, कारण यांनी खाणं थांबवलं की आतडंही थांबतं आणि मग जखमेपेक्षा तेच जिवावर बेततं.

जाळीला नाक लावून बसणं म्हणजे माया असतेच असं नाही, पलीकडे कोण आहे त्याच्यावर पहारा ठेवणंही तसंच दिसतं, आपल्याला हवा तो अर्थ आपण लावतो.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. रक्त आलं असेल तर कमीत कमी चार आठवडे वेगळं, घाई नाही, कुणी कितीही केविलवाणं दिसू दे. पिंजरे शेजारी पण मध्ये सात-आठ सेंटिमीटर अंतर, चिकटून अजिबात नाही, कारण जाळीतून आलेलं बोट दुसरा तोडतो. दर दोन दिवसांनी डस्ट बाथचं, म्हणजे अंग साफ करायला ते ज्या बारीक मातीत लोळतात तिचं, भांडं अदलाबदल (जखम उघडी असेपर्यंत डस्ट बाथ बंद, माती जखमेत जाते), मग फळ्या आणि लपायची खोकी अदलाबदल, मग आख्खे पिंजरेच अदलाबदल. वासाला वास ओळखीचा झाला आणि दोघं निवांत झोपायला लागले की मग तिसऱ्याच जागी, जिथे दोघंही कधी फिरलेले नाहीत, दहा-पंधरा मिनिटं. मी मध्येच बसलेली असते, हातात जाड टॉवेल. बरं चाललेलं असतानाच उचलायचं, बिघडायची वाट बघायची नाही. असं पंधरा-वीस वेळा नीट झालं तरच पिंजरा, आणि तो सुद्धा पूर्ण धुऊन, आतली मांडणी बदलून, जेणेकरून तो कुणा एकाचा राहणार नाही. पहिली रात्र मी जागते. दुसऱ्या दिवशी काम असेल तर ती रात्र निवडतच नाही.

हे कुणी शास्त्र म्हणून सांगितलेलं नाहीये, माझी पद्धत आहे, कुणी तीन आठवड्यांत करतं कुणी तीन महिन्यांत. पण दोन दिवसांत करणारे शेवटी रात्री तीन वाजताच फोन करतात.

भांडण सोडवायला हात घालू नका हे वेगळं सांगायला नको. पिंजऱ्याजवळ जाड पुठ्ठ्याचा तुकडा कायम ठेवा, दोघांमध्ये तो सरकवा, टॉवेल टाका, एकाला गुंडाळून उचला. पाठीची फर धरून उचललं तर फर हातात आणि चिंचिला खाली. सुटल्यावर दोघांच्याही अंगावर बोटांनी केस बाजूला करत करत तपासा, जबडा, मान, कानाच्या मागे, बोटं, पार्श्वभाग, आणि हे पुढचे दहा-बारा दिवस रोज. जिंकलेल्यालाही तपासा.

घरातलं उरलेलं अँटिबायोटिक

यावर विनवणीच करते. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडातून दिलं, क्लिंडामायसिन दिलं, तर चिंचिलाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात, त्यांचं विष भिनतं आणि प्राणी दगावतो. माणसाच्या मुलाचं सिरप, कुत्र्याचं उरलेलं औषध, काहीही नाही. जखम सलाइनने धुवा आणि छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जा. जाताना दोघांनाही न्या, वेगवेगळ्या डब्यात, कारण एकटा गेला की दवाखान्याचा वास घेऊन परत येतो आणि घरचा त्याला परका समजतो, चांगल्या जोड्या यावरून तुटलेल्या मी पाहिल्यात.

"स्वभाव बिघडला" म्हणणं

ही माझी दुसरी दुखरी नस. धोंडू नऊ वर्षांचा होता, इतका शांत की त्याच्या अंगावर कुणी झोपलं तरी हलायचा नाही. त्याच्यासोबतचा लहान नर रोज त्याचं तोंड साफ करायचा. एके दिवशी धोंडूने त्याला झटका दिला, मग रोज, मग चावा. मी पिंजरा मोठा केला, वाट्या वाढवल्या, फळ्या हलवल्या, महिनाभर हेच. आणि तो महिनाभर त्याला फक्त दुखत होतं. हनुवटीची फर ओलसर दिसायची, गवताचे जाड देठ सोडून मऊ पानंच उचलायचा, पेलेट (कोरड्या खाण्याच्या गोळ्या) तोंडात घेऊन टाकून द्यायचा, हे सगळं मी बघत होते आणि जोडत नव्हते. एक्स-रेमध्ये दिसलं की दाढांची मुळं वाढून जबड्यात रुतलीयेत. यांचे दात जन्मभर वाढतात, पुढचेही आणि दाढाही, आणि दाढा नुसत्या बघून दिसत नाहीत. तोंडाजवळ कुणी आलं की तो चावत होता, बाकी काहीही भांडण नव्हतं. उपचार झाले, दुखणं आटोक्यात आलं, आणि पाचेक आठवड्यांनी दोघं परत एका खोक्यात झोपायला लागले.

म्हणून आता शांत असलेला चिंचिला अचानक चावला की मी आधी प्राणी तपासते, मग पिंजरा. दात, डोळ्यातून पाणी, लेंड्या लहान झाल्यात का, नर असेल तर लिंगाभोवती केसांचं वेटोळं अडकलंय का (हे नरांत होतं, भयंकर दुखतं आणि वेळेत काढलं नाही तर सूज येते). मग खोलीचं तापमान. हा अँडीजच्या थंड डोंगरातला प्राणी, २५ अंशांच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो, कान लाल होतात, चिडचिड वाढते, आणि त्याच्याही वर गेलं तर उष्माघात. गरम खोलीत कुठलंही बॉन्डिंग, म्हणजे जोडी जुळवणं, करायला जाऊ नका.

दोन मादी आहेत, नक्की?

नक्की कुणी बघितलं? मादीचा लघवीचा अवयव पुढे आलेला असतो, तो बघून भलेभले तिला नर म्हणतात. बघायचं ते मधलं अंतर, तो अवयव आणि गुद यांच्यामध्ये मोकळी त्वचा दिसली तर नर, जवळजवळ चिकटलेले असतील तर मादी. साधारण आठ महिन्यांच्या आसपास ते वयात येतात, काही त्याच्या बरेच आधी, आणि लहानपणापासून गुण्यागोविंदाने राहिलेल्या जोड्या याच सुमाराला बिनसतात. नर-मादी निघाले आणि मादी नराला हुसकावतेय तर पोट आणि वजन बघा, गर्भ १११ दिवसांचा असतो, आणि पिल्लं झाल्यावर लगेच ती परत गाभण राहू शकते, तेव्हा नर आधीच वेगळा हवा. नराची नसबंदी केली तरी पुढचे कित्येक आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, मी दोन महिने धरते. आणि दोन नर भांडतायत तर त्याच खोलीत मादी ठेवलीये का ते बघा, असेल तर दुसऱ्या खोलीत न्या.

शॉर्टकट

छोट्या डब्यात दोघांना कोंबून गाडीतून फिरवणं. हे सुचवणारे दर वेळी सांगतात की "बघ कसे चिकटून बसले". घाबरलेत म्हणून चिकटलेत! भीती उतरली की पिंजऱ्यात परत तेच, आणि डब्यात भांडले तर तुम्ही गाडी चालवताय, सोडवणार कोण? नाकाला इसेन्स किंवा टूथपेस्ट चोळणं हेही तसंच, वास ही यांची ओळख आहे, ती पुसून तुम्ही ओळख करून देणार कशी. तिसरा चिंचिला आणणं म्हणजे एका भांडणाची तीन करणं.

बाकीचं थोडक्यात. वाटी, बाटली, गवताची जागा, व्हील, सगळं दोन-दोन, आणि दोन वेगळ्या कोपऱ्यांत. एकच दार असलेलं खोकं काढून टाका, आत अडकलेल्याला पळता येत नाही, दोन दारांचं ठेवा. भांडणाऱ्याला ओरडू नका, पिंजऱ्यावर थाप मारू नका.

ढगू आणि सायला मी नंतर दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा तर पाच महिने घेतले. जमलं नाही, आणि मी सोडून दिलं. एकटा चिंचिला नीट जगतो, शेजारी दुसऱ्याचा आवाज आणि वास असला, तुमचा वेळ मिळाला की पुरतं, आणि पंधरा-वीस वर्षांचं आयुष्य रोज भीतीत काढण्यापेक्षा ते खूप बरं. फक्त बाहेर फिरायला सोडताना वेळा वेगळ्या ठेवा आणि एक बाहेर असताना दुसऱ्याचा पिंजरा खालच्या बाजूने पुठ्ठ्याने झाका, कारण बाहेरचा हमखास जाळीवर चढतो आणि आतला त्याच्या पायाचं बोट धरतो.