हलक्या फ्लाय रॉडची लांबी कशी ठरवायची

फ्लाय फिशिंगचा (म्हणजे हुकवर बांधलेला नकली किडा, फ्लाय, जाडसर दोरीच्या, लाईनच्या वजनाने फेकून मासे धरायचा) हलका रॉड घ्यायचा म्हटलं की लोक वेट, ॲक्शन (रॉड कसा वाकतो ते), रील सगळं तासन्‌तास बघत बसतात आणि लांबीचं मात्र "ओढा छोटा म्हणजे रॉड छोटा" एवढ्यावर उरकून टाकतात. माझं मत उलटं आहे, झाडंझुडपं जेवढा लांब रॉड फिरवू देतील तेवढा लांब घ्या, आखूड घ्यायचा तो नाइलाज असेल तरच. कसं ठरवायचं ते क्रमाने सांगतो.

१. आधी वेट, मग लांबी

हलका म्हणजे मी २, ३ आणि ४ वेट धरतोय. हा आकडा रॉडच्या वजनाचा नाही, त्यावर कुठली लाईन चालते त्याचा आहे. लाईनचा पुढचा ३० फुटांचा भाग ३ वेटमध्ये साधारण १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम भरतो, ४ वेटमध्ये १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठच्या आसपास. फेकताना रॉड वाकतो तो एवढ्याशा वजनाने, त्यामुळे बोटभर मासे आणि बारीक फ्लाय असतील तर २ किंवा ३, आणि थोडा वारा, थोड्या मोठ्या फ्लाय असतील तर ४. माशाच्या आकारावरून वेट ठरवा, लांबी ठरवू नका.

रॉडवर ८६४-४ असं काहीतरी छापलेलं असतं, ते ८ फूट ६ इंच, ४ वेट, ४ तुकडे असं वाचायचं. काही कंपन्या वेट आधी लिहितात, म्हणजे तोच रॉड ४८६-४ होतो, तेव्हा ऑनलाईन मागवताना डोळे उघडे ठेवा.

२. काठी घेऊन पाण्यावर जा

ही पायरी सगळे गाळतात आणि खरं उत्तर इथेच मिळतं. ९ फुटांची एखादी सरळ हलकी काठी घ्या, नेहमी जिथे उभे राहता तिथे उभे राहा आणि कास्ट करतो, म्हणजे लाईन फेकतो, तशी हळू मागे-पुढे करा. टोक फांदीला लागतंय का? बाजूने, आडवी फिरवून जागा मिळते का? मग हातभर वर धरून परत करून बघा, म्हणजे साडेसात फुटांचा अंदाज येतो. चार-पाच जागी हेच करा आणि किती ठिकाणी नुसती काठीच अडते ते बघा. पानं गळलेल्या दिवसांत केलंत तर पानं भरल्यावर पुन्हा एकदा करा, तोच काठ ओळखू येत नाही इतका बंद होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, काठी फिरली म्हणजे लाईनही फिरेल असं नाही. पण मागे लाईनला जागा नसेल तर तुम्ही रोल कास्टच (लाईन मागे न फेकता पुढेच गुंडाळत टाकायची) करणार, आणि रोल कास्ट लांब रॉडने जास्त सोपा जातो. म्हणजे अडचण मागे असेल तर आखूड रॉडने काही सुटत नाही. डोक्यावर छत असेल, फांद्या हाताला लागतील एवढ्या खाली असतील, झुडपांतून वाकून चालावं लागत असेल, तेव्हाच ६ ते साडेसात फुटांना अर्थ आहे. अशा जागी लाईन फिरवतच नाहीत, फ्लाय दोन बोटांत धरून रॉड धनुष्यासारखा ताणायचा आणि सोडायचा, त्याला आखूड रॉड मस्त. (फ्लाय धरताना हुकच्या वाकाला मागून धरा, टोकाकडून नको, नाहीतर पहिला मासा तुम्हीच.)

३. फ्लाय पाण्यावर पडल्यावर काय करणार?

फेकणं दोन सेकंदांचं, त्यानंतर सगळा खेळ लाईन सांभाळण्याचा. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जोरकस धार असली की ती लाईन ओढून नेते, फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने घसरायला लागते आणि मासा बघून न बघितल्यासारखं करतो. लाईन उचलून धारेच्या पलीकडे धरायची तर टोक उंच आणि लांब पाहिजे. हिशोब सोपा आहे: रॉड ४५ अंशात धरला तर १० फुटी रॉडचं टोक हातापासून सुमारे ७ फूट वर आणि ७ फूट पुढे जातं, साडेसात फुटीचं ५.३ फूट. पावणेदोन फुटांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण खडकामागच्या छोट्या शांत खिशात फ्लाय दोन सेकंद जास्त थांबते ती यामुळेच.

म्हणून तळाशी निम्फ (पाण्यात बुडणारी फ्लाय) सोडून लाईन हवेतच धरून खेळायचं असेल, ज्याला युरो निम्फिंग म्हणतात, तर १० ते ११ फूट, २ ते ४ वेट, यात तडजोड नको. ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) जास्त आणि जागा मध्यम मोकळी असेल तर ८ ते साडेआठ. उघडी नदी, तळं, वारा, सगळं थोडं थोडं करायचं असेल तर ९. छोट्या बोटीत किंवा फ्लोट ट्यूबमध्ये (हवा भरलेल्या तरंगत्या आसनात) बसून मासेमारी करणार असाल तर ९ किंवा त्याहून जास्तच, कारण तुम्ही पाण्याच्या अगदी जवळ असता आणि बॅककास्ट, म्हणजे मागे फेकलेली लाईन, पाण्यावर आपटते.

४. लीडरचा हिशोब

आखूड रॉडवर ९ फुटांचा लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक पारदर्शक दोरी) लावला की मासा जवळ आणताना लाईन-लीडरची गाठ टोकाच्या रिंगमधून आत शिरते आणि ऐनवेळी अडकते. शिवाय १५ फुटांवर कास्ट करायचा आणि त्यात ९ फूट लीडरच, मग टोकाबाहेर लाईन उरते किती? रॉड वाकतच नाही, हातात मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी साडेसात फुटी किंवा त्याहून आखूड लीडर लावा, किंवा ३ वेटच्या रॉडवर ४ ची लाईन चढवा.

५. हातात धरून बघा

लांबीची किंमत मनगट मोजतं. हे रॉड तसे हलकेच, पण वजन टोकाकडे असलं की दुपारपर्यंत हात भरून येतो, त्यामुळे स्वतःचं रील आणि लाईन लावूनच बघा. कॉर्कच्या मुठीच्या पुढच्या टोकाला एका बोटावर तोलला आणि जवळपास आडवा राहिला तर ठीक. फायबरग्लासचा रॉड आवडत असेल तर ८ फुटांच्या आतच थांबा, त्यापुढे तो पुढून जड लागतो. आणि हो, मोठा मासा लागला की लांब रॉडवर तरफ माशाच्या बाजूने असते, तेव्हा रॉड सरळ वर न धरता बाजूला कलता धरून मुठीजवळच्या जाड भागावर जोर घ्या.

जमलं तर एकाच वेटचे दोन लांबीचे रॉड आधी २० फुटांवर आणि मग ४० फुटांवर फेकून बघा, फक्त ४० वर बघू नका, मोकळ्या मैदानात सगळेच रॉड छान वाटतात. पायी लांब जाणार असाल तर तुकडे मोजा: ४ तुकड्यांचा ९ फुटी रॉड सुटा केल्यावर २७ इंचांच्या आसपास होतो, साडेसात फुटी २३ च्या, त्यामुळे बॅगेत मावत नाही म्हणून आखूड घेतला, हे कारण फारसं टिकत नाही.