भाकरी वजनावर मोजा: मधुमेहात जेवण आणि वजन कसं सांभाळायचं

"भात सोडला, साखर सोडली, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खाते, तरी जेवणानंतरची साखर दोनशेच्या खाली येत नाही." हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता लगेच विचारते, तुमच्या एका भाकरीला पीठ किती लागतं? बहुतेक जणी ओंजळ पुढे करून "एवढं" म्हणतात. घोळ तिथेच असतो.

मला मधुमेह होऊन 11 वर्षं झाली. माझं, सासूबाईंचं, दिरांचं आणि नंतर गल्लीतल्या चार-पाच घरांचं ताट मी लावून दिलंय. त्यातून जे उमगलं ते लिहिते. हे टाइप 2 मधुमेहासाठी आहे. टाइप 1 असेल, दिवस गेले असतील किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील तेच करा, माझं नको.

आधी गोळ्यांचं बोलून घ्या

जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे टाळून चालणारच नाही. या औषधांचा डोस तुमच्या जुन्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेला असतो. भाकरी निम्मी झाली आणि गोळी तेवढीच राहिली की साखर कोसळते. माझ्या दिरांनी माझं ऐकून भाकरी कमी केली आणि गोळीचं कुणालाच विचारलं नाही. दुपारी चारला अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत, घरच्या साखर मोजायच्या मीटरवर 58. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, 15 मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा जीवात जीव आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. त्या दिवसापासून मी कुणालाही ताट सांगण्याआधी औषधांची चिठ्ठी बघायला मागते. साखर 70 च्या खाली गेली तर ही अशीच चढवायची. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

वजन आणि कंबर

सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजा, दोन्ही वहीत लिहा.

"मी तर बारीक आहे, मला वजनाचं काय?" असं वाटत असेल तर पुण्याचं एक उदाहरण सांगते. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हातापायांनी काटकुळी आणि पोटात चरबी, ही आपल्याकडची ठेवणच आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे वजन जास्त धरतात, आणि कंबरेची मर्यादा बायकांना 80 सेंटीमीटर, पुरुषांना 90. ही पोटातली चरबी यकृतात शिरते. मग यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. रात्री काही न खाता सकाळची साखर जास्त का, याचं मोठं उत्तर यात आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. साखर तीनशेच्या आसपास आहे, सारखी लघवी होतेय, तहान भागत नाही आणि वजन आपोआप उतरतंय, तर त्यात आनंद मानू नका. शरीर साखर वापरू शकत नाही म्हणून स्वतःलाच खातंय. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भाकरी: माझी दहा महिन्यांची चूक

आमचं माहेर-सासर दोन्ही सोलापूर जिल्ह्यातलं. मालदांडीच्या ज्वारीवर वाढलेली माणसं आम्ही. मधुमेह निघाला तेव्हा जो तो म्हणाला, "भाकरी खा, भाकरी चालते." मी भात बंद केला, पोळी बंद केली, चहा बिनसाखरेचा केला आणि मन भरून भाकरी खाल्ली. दहा महिन्यांत वजन दोन किलोने वाढलं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.4 टक्क्यांवर अडकून बसली. मी औषधांना दोष दिला, काळजीला दिला, वयाला दिला.

मग एका सकाळी परातीत पीठ घेण्याआधी परात काट्यावर ठेवली. माझ्या एका भाकरीला 85 ग्रॅम पीठ लागत होतं. दुपारी दोन, रात्री दोन, म्हणजे दिवसाला 340 ग्रॅम.

ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं (पोटात गेल्यावर ज्यांची साखर होते ती) असतात, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात 64. चोथा दोन्हींत दहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ज्या फरकावर मी दहा महिने विसंबून होते, तो जवळजवळ नाहीच. माझ्या एका भाकरीत 58 ग्रॅम कर्बोदकं जात होती. 25 ग्रॅम कणकेच्या पोळीत 16. पोळी सोडून भाकरी धरली तेव्हा मी एका भाकरीत साडेतीन पोळ्या खात होते! भाकरी वाईट नाही, मी आजही रोज खाते. पण "चालते" म्हणजे किती चालते, हे सांगितल्याशिवाय तो सल्ला कुणालाही देऊ नका.

मी ठरवलेलं माप 40 ग्रॅम पिठाची एक भाकरी. त्यात 27 ग्रॅम कर्बोदकं येतात. बसून काम करणाऱ्या बाईला दुपारी दोन आणि रात्री एक पुरते. शेतात राबणाऱ्याला जास्त लागेल, आणि ते किती हे त्याचा मीटर सांगेल. रोज काटा काढायची गरज नाही. कोशिंबिरीची एखादी छोटी वाटी शोधा, तिच्यात सपाट भरून 40 ग्रॅम पीठ बसतं का बघा, आणि ती वाटी पिठाच्या डब्यातच ठेवा. दुसऱ्या कामाला घेऊ नका.

आता खरी अडचण. 40 ग्रॅमची भाकरी पहिले आठ दिवस बिघडते. आपला हात मोठ्या घेराला सरावलेला असतो, तेवढ्याशा पिठात तोच घेर काढायला गेलं की ती पापडासारखी पातळ होते, काठाला चिरा पडतात आणि तव्यावर टाकताना तुटते. वैतागून पुन्हा मोठा गोळा घेतला जातो. माझ्या दोन मैत्रिणींनी इथेच नाद सोडला. उपाय सोपा आहे: जाडी नेहमीचीच ठेवा, घेर कमी करा. चहाच्या बशीएवढी भाकरी. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, जुनं झालं की त्याची विरी जाते आणि कितीही मळलं तरी भाकरी चिरते. पाणी चांगलं कढत घ्या, गोळा तळहाताने रगडून मऊ करा आणि थापताना खालून सुकं पीठ कमी घ्या. तेही पोटातच जातं.

दुसरी चूक मी केली ती घाईची. चारवरून एकदम दोनवर आले. रात्री अकराला भुकेने झोप लागेना, उठून शेंगदाण्याची चटणी आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले. असं तीन रात्री झालं. मूठभर शेंगदाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात, वर चटणीतलं तेल. वाचवलेली भाकरी परत आली. म्हणून दर आठवड्याला एका भाकरीमागे दहाच ग्रॅम पीठ कमी करा, आणि जेवढं पीठ कमी होईल तेवढी जागा ताटात आधी भरा: मटकीची किंवा हुलग्याची उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे, दही, आणि मेथी-पालक-दोडक्याची भाजी भरपूर. जेवायला बसल्यावर सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करा, भाकरी शेवटी. त्याच जेवणाची साखर यामुळे कमी चढते, हे मी मीटरवर कितीतरी वेळा पाहिलंय.

मीटर कसा वापरायचा

फक्त उपाशीपोटीची साखर बघून ताट सुधारत नाही. जोडी बघा: पहिल्या घासाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. जेवण संपल्यापासून नव्हे. पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज नको. एका बदलाला तीन दिवस द्या आणि त्या तीन दिवसांत दुसरं काही बदलू नका. माझ्या वहीतली पहिली जोडी, 85 ग्रॅमच्या दोन भाकऱ्या आणि पातळ आमटी: 128 ची 231 झाली. 40 ग्रॅमच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर मटकी: 124 ची 168. दोन तासांनंतर 180 च्या आत हे बहुतेकांचं लक्ष्य असतं, तुमचं डॉक्टर सांगतील.

बोटाला टोचण्याआधी साबणाने हात धुवा, पुसून कोरडे करा. जाऊबाईंनी आंबा चिरल्या हातांनी तपासलं, 264 आले, घरात रडारड झाली. हात धुवून पुन्हा घेतली तर 149. मीटर थोडा खाली-वर दाखवतोच, एका आकड्यावर घाबरू नका, तीन दिवसांचं बघा.

बाकीचं ताट

भात हवा तर भाकरीच्या बदल्यात घ्या, भाकरीनंतर वर नको. गूळ, मध, खडीसाखर ही साखरच आहे. फळ चावून खा, रस नको. कारल्याच्या रसाने किंवा मेथीच्या पुडीने ताट मोजायचं सुटत नाही. तेल महिन्याला माणशी किती लागतं ते एकदा लिहून बघा. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, आणि आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा किंवा वजन उचलण्यासारखा व्यायाम करा. स्नायू असतील तर साखर खर्च होईल. दिवसातून दोनदा जेवावं की सहादा, या वादात मी पडत नाही. दिवसभराचं पीठ वाटीने मोजलेलं असलं म्हणजे झालं.

उपासाबद्दल मात्र मी ठाम आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची ताटली, वर बटाट्याची भाजी आणि रात्री वरी, ही "एकादशी आणि दुप्पट खाशी" झाली. आणि निरंकार उपास करणार असाल तर गोळ्यांचं आधी विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना उपाशी राहिल्याने रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसतही नाही.

वजन किती उतरवायचं

सुरुवातीला आहे त्या वजनाच्या 5 टक्के. तेवढ्यानेही साखरेत फरक दिसतो. मी 68 वरून 61 वर आले, सात महिने लागले, तीन महिन्यांची साखर 6.6 झाली.

याहून पुढची आशा खरी आहे, पण ती नीट समजून घ्या. ब्रिटनमध्ये डॉ. रॉय टेलर आणि डॉ. माइक लीन यांनी 'डायरेक्ट' नावाची चाचणी घेतली, तिचे पहिल्या वर्षाचे आकडे 2017 साली आले. रोज साडेआठशेच्या आत-बाहेर कॅलरी, तीन ते पाच महिने. वर्षाअखेर 46 टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, आणि ज्यांनी 15 किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात 86 टक्क्यांची. पण सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, खाणं पाकिटातलं मोजलेलं होतं आणि त्यांच्या पाठीशी दवाखाना होता. दुसऱ्या वर्षी 46 चे 36 टक्के झाले, कारण वजन परत आलं. घरी एकट्याने साडेआठशे कॅलरीवर राहू नका. मधुमेह नवीन असेल तर मात्र डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा, वाट बघत बसू नका.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, त्याच काट्यावर. दीड-दोन महिन्यांनी ते थांबतं, सगळ्यांचंच. तेव्हा उपाशी राहायला लागू नका, आधी वाटी तपासा. मी दर महिन्याच्या एक तारखेला गोळा मळण्याआधी पीठ काट्यावर टाकते. गेल्या महिन्यात माझी 40 ग्रॅमची वाटी शिगोशिग भरून 52 ची झाली होती. मी वाटीवर सुरी फिरवून पीठ सपाट केलं, वरचं डब्यात परत टाकलं आणि तवा तापत ठेवला.