वेल्डिंगमध्ये लोखंड वाकू नये, तडकू नये म्हणून काय करावं

लहानपणी आमच्या गावात बंडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं, चढवताना मी कितीदा तरी उभा राहून पाहिलं आहे. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा थोडी लहान वळवायचा. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लाल व्हायची. तिघं-चौघं सांडशीनं उचलून ती चाकावर बसवायचे, लाकूड धुरायला लागायचं, आणि लगेच बादल्यांनी पाणी. पाणी पडलं की चाक करकरायचं. आरे मधल्या तुंब्यात आणि कडेच्या लाकडी पुठ्ठ्यांत रुतत जायचे आणि सैल झालेलं चाक दगडासारखं घट्ट व्हायचं.

सव्वाचार फुटांच्या चाकाचा घेर साधारण ४ मीटर. तेवढी लोखंडी पट्टी ४०० अंशांनी तापली की सुमारे २ सेंटीमीटर लांब होते आणि थंड झाली की तेवढीच आखडते. चाक आवळते ती ही आखडण्याची ताकद. तुमच्या शेताच्या गेटला पीळ पाडणारी, ट्रॉलीचा अँगल वाकवणारी आणि पंपाची बॉडी जोडाशेजारी तडकवणारी ताकदही हीच. लोहार ती हिशेब करून वापरत होता. आपण बहुतेक वेळा रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, पेटवतो आणि नंतर काय होतं ते बघत बसतो.

लोखंडाचा हिशेब सोपा आहे. १ मीटर लोखंड १ अंशानं तापलं की ०.०१२ मिलिमीटर वाढतं. आता दोन्ही टोकं अजिबात हलू न देता एक गज धरला आणि नुसता १०० अंशांनी तापवला, तर त्याच्या आत दर चौरस मिलिमीटरला सुमारे २४० न्यूटन दाब तयार होतो. साधं एमएस (माइल्ड स्टील) लोखंड २५० च्या आसपास कायमचं दबतं. वेल्डिंगच्या रसाचं, म्हणजे वितळलेल्या धातूचं, डबकं तर दीड हजार अंशांचं असतं. त्याच्या शेजारचा भाग फुलू पाहतो, पण भोवतालचं थंड लोखंड त्याला जागा देत नाही. तापलेला भाग मऊ असतो, म्हणून तो जागच्या जागी दबून आखूड आणि जाड होतो. थंड होताना तो त्या आखूड मापावरून आणखी आखडतो आणि आजूबाजूचं सगळं स्वतःकडे ओढतो. ओढ सहन झाली नाही तर वस्तू वाकते. वाकायला जागा नसेल तर ताण आतच कोंडून राहतो. धातू कडक असेल तर तडा जातो.

आधी एक तुकडा घ्या

कुठलंही मोठं काम धरण्याआधी हे एकदा करून पाहाच. फूटभर लांबीची, ५० बाय ५ मिलिमीटरची पट्टी घ्या. एक टोक टेबलाला शिकंज्यानं आवळा, दुसरं मोकळं सोडा आणि त्या टोकाखाली जमिनीपासून किती उंची आहे ते मोजून लिहून ठेवा. पट्टीच्या वरच्या अंगावर लांबीनं, मधोमध, एका दमात रॉड फिरवा. रॉड चालू असताना मोकळं टोक खाली जातं, कारण वरची बाजू तापून लांब होत असते. रॉड थांबवा आणि बघत उभे राहा. टोक परत वर येतं, मूळच्या जागी पोहोचतं, तिथे थांबत नाही आणि आणखी वर जातं. हात लावण्याइतकी थंड झाल्यावर पुन्हा मोजा. पट्टी कायमची वेल्डिंगच्या बाजूला वळलेली असते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराकडून मी पहिल्या दिवशी हेच करून घेतो. टोक खाली जाऊन वर येताना डोळ्यांनी पाहिलं की पुढचं निम्मं समजावून सांगावं लागत नाही.

मापं, सावली, टाके

आता बारा फुटी गेट धरू. पाइप कापताना टोकं अशी जुळवा की फट उरू नये. फट मोठी म्हणजे भरायला रस जास्त, आणि जेवढा रस जास्त तेवढी ओढ जास्त.

आपल्याकडे मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात पडलेल्या पाइपला तर हात लावता येत नाही. ४ मीटरच्या फ्रेमचा एक पाइप उन्हातला आणि दुसरा शेडमधला असेल, दोघांत ३० अंशांचा फरक असेल, तर लांबीत जवळपास दीड मिलिमीटरचा फरक आधीच पडलेला असतो. म्हणून सगळा माल आदल्या रात्री सावलीत आणून ठेवा आणि मापं सकाळी घ्या.

जुळणी सपाट जागेवर करा. उघड्या सिमेंटच्या फरशीवर ज्योत किंवा वेल्डिंग थेट नको, कोबा आतल्या ओलाव्यानं फुटून उडतो. चारही कोपऱ्यांना आधी फक्त टाके, म्हणजे जागा धरून ठेवणारे छोटे वेल्ड, मारा, समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून. प्रत्येक टाक्यानंतर दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे म्हणजे फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. गुण्या लावून कोपरा तपासणं चांगलंच, पण गुण्याचा हात लहान असतो. कोपऱ्यात १ अंशाची चूक असेल तर १ मीटरवर ती १७ मिलिमीटर होते. कर्णाच्या टेपला ती लगेच दिसते.

रॉडचा क्रम

इथे खरं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका शेतकऱ्याचं गेट एका कोपऱ्यापासून सुरू केलं, तो पूर्ण भरला, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्याला पोहोचलो तेव्हा त्याचा टाका तुटलेला होता आणि कोपरा जमिनीपासून दोन बोटं वर आला होता. हातोड्यानं तो खाली बसवला आणि तसाच वेल्ड केला. गेट लावल्यावर पीळ परत आला. शेवटी ते पूर्ण कापून पुन्हा केलं.

त्यामुळे एक कोपरा एका दमात कधीच पूर्ण करू नका. पहिल्या कोपऱ्याची एक बाजू, मग तिरकस समोरच्या कोपऱ्याची एक बाजू, मग उरलेले दोन, त्याच क्रमानं. सगळी फ्रेम उलटा, तोच क्रम दुसऱ्या अंगाला. एका अंगाची ओढ दुसऱ्या अंगाच्या ओढीनं तोलली गेली पाहिजे.

लांब जोड असेल, समजा ट्रॉलीच्या पत्र्याला अँगल, तर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढत नेऊ नका. दोन-दोन इंचांचे तुकडे खडूनं आखा. मधून सुरुवात करून दोन्हीकडे बाहेर जा. पुढे उजवीकडे सरकायचं असलं तरी प्रत्येक तुकड्यात रॉड उजवीकडून डावीकडे फिरवा, म्हणजे नवा तुकडा आधीच्या थंड होत असलेल्या तुकड्याला जाऊन मिळतो. सबंध लांबी भरायची गरज नसेल तर मध्ये जागा सोडत जा.

आणि रस मोजून टाका. कोपऱ्यातल्या वेल्डची एका बाजूची रुंदी म्हणजे त्याचा पाय; ३ मिलिमीटर पायाच्या वेल्डऐवजी ६ मिलिमीटरचा घातला तर धातू दुप्पट नाही, चौपट लागतो. ‘मजबूत करा’ म्हणून गिऱ्हाईक जाड वेल्ड मागतं आणि मिस्त्री देतो. पातळ पाइपवर त्यानं मजबुती येत नाही, बाक येतो. साध्या ६०१३ जातीच्या १० नंबर, म्हणजे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १२० अँपिअर पुरतात. पातळ पाइपला त्याहून बारीक १२ नंबर घ्या आणि करंट त्याहून कमी ठेवा.

पट्टीवर पट्टी उभी जोडताना ती ज्या बाजूला ओढली जाणार हे माहीत असतं. मग तिला आधीच उलट बाजूला अंशभर झुकवून टाका मारा. नेमकं किती, हे तुमच्या जाडीच्या एका तुकड्यावर करून ठरवा.

थंड होताना हात लावू नका

जूनचा पहिला पाऊस पडलेला होता. एक शेतकरी कल्टिव्हेटरचा मोडलेला फण घेऊन आला. मी जोडला. तो घाईत होता: “भाऊ, मारा ना त्याच्यावर पानी, तिकडं पेरनी खोयंबली.” मी पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फण परत आला, जोडाच्या अगदी शेजारून कापल्यासारखा तुटलेला. जोड शाबूत होता. त्याची त्या दिवसाची पेरणी गेली, आणि ती चूक माझी होती.

विळ्याला पाणी देतात ते धार कडक व्हावी म्हणून. फणात आणि कमानपट्ट्यात (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीत) कार्बन साध्या लोखंडापेक्षा जास्त असतो. लाल तापल्यावर त्याला एकदम थंड केलं की तो विळ्यासारखाच कडक होतो, पण सोबत काचेसारखा ठिसूळही. वर आखडण्याचा ताण असतोच. असं लोखंड आधी २०० अंशांच्या वर तापवून घ्या. पाण्याचा थेंब टाका. तो नुसता चुरचुरला तर अजून तापवा, मोत्यासारखा नाचत पळाला तर रॉड लावा. रॉड ७०१८ जातीचा, भट्टीत वाळवलेला. जोड झाल्यावर चुलीच्या कोरड्या राखेत पुरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. गाडीचा कमानपट्टा मात्र जोडूच नका, नवा घाला.

साध्या एमएसच्या गेटलाही शिकंजे तसेच आवळून ठेवा आणि हात टिकेल इतकं थंड झाल्यावरच सोडा.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ताणलं जात नाही, म्हणून ते सगळ्यात आधी तडकतं. पंपाच्या बॉडीची चीर जोडायची तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे धावते. तेल-ग्रीस जाळून साफ करा, चीर ग्राइंडरनं खोलगट करा. निकेलचा रॉड घ्या. एका वेळी फक्त इंचभर भरा आणि लाल असतानाच गोल तोंडाच्या हातोडीनं हलके हलके ठोका. ठोकण्यानं तो भाग पसरतो आणि आखडण्याची ओढ कमी होते. हात लावता येईपर्यंत थांबा, मगच पुढचा इंच. एका चिरेला अर्धा दिवस लागतो, पण दुसरी वाट नाही.

उन्हा-थंडीचा हिशेब

डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी टिनाच्या पत्र्यावर ६५ धरले, तर ६ मीटरचा पत्रा ४ मिलिमीटर मागेपुढे होतो. दोन्ही टोकं घट्ट पक्की केली तर तो फुगतो किंवा स्क्रूभोवती भोक फाडतो. वळवाच्या पहिल्या सरीला टिन कडकडतं ते यामुळेच. लांब रेलिंगला आणि पत्र्याच्या आधाराला एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला लांबट भोक द्या. ३० मीटरच्या लोखंडी पाइपला ५० अंशांच्या फरकानं १८ मिलिमीटर जागा लागते.

वाकलंच तर

उपायही उष्णतेचाच आहे. पाइपची फुगीर बाजू शोधा. पहिल्यांदा सगळे आतल्या बाजूला ज्योत लावतात, ती चूक. फुगीर बाजूवर गॅसनं आडवी बोटभर रुंद रेघ गडद लाल होईपर्यंत तापवा आणि सोडून द्या. ती थंड होताना आखडते आणि पाइप सरळ करते. पूर्ण थंड झाल्यावर दोरी लावून पाहा. अजून बाक असेल तर नवी रेघ, जरा दूर. फणावर, कमानपट्ट्यावर आणि बीडावर हे करू नका.

ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या तारा काढा. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिला रॉड लावू नका. जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपवरचं जस्त घासून काढा आणि धूर छातीत जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी

कडक लोखंडातली चीर कधी कधी जोड थंड झाल्यावर काही तासांनी, अगदी दोन दिवसांनीही उघडते. म्हणून फण किंवा बीड त्याच दिवशी देऊ नका. वेल्डवरची खपली झाडून जोडावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रॉकेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, फडक्यानं कोरडं पुसा आणि वर पांढरा खडू घासा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर ओल्या रेघेसारखं उमटतं. रेघ दिसली तर तिच्यावर नवा रॉड फिरवू नका. ग्राइंडरनं मुळापर्यंत खोदा, पुन्हा रॉकेल-खडू लावून ती संपली का पाहा, आणि मग तापवून भरा.