‘माझ्याकडून काहीच पूर्ण होत नाही’ हे वाक्य कसं सुटलं

लक्षण: काम अर्ध्यावर अडतं, आणि डोक्यात तेच वाक्य फिरतं. आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ म्हणणं उपयोगी पडलं नाही, कारण मन लगेच उलट पुरावे काढतं. ‘मी असा का?’ विचारत बसण्याने तर गाळ आणखी ढवळला. वैताग आला होता.

चाललं ते लेखन. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या लेखन-प्रयोगातलं प्रमाण घेतलं: सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं. खालचा क्रम मात्र माझा.

पहिल्या दिवशी वाक्य मनात येतं तसंच उतरवा, सुधारू नका. दुसऱ्या दिवशी पानावर उभी रेघ मारा. डावीकडे फक्त कॅमेऱ्यात दिसेल ते (‘अहवाल 3 आठवडे उशिरा दिला’), उजवीकडे त्याचा लावलेला अर्थ (‘मी आळशी’). ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘काहीच’ या शब्दांना गोल करा; आपण स्वतःबद्दल रचलेली गोष्ट यांच्यावरच उभी असते. तिसऱ्या दिवशी ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव वापरून तेच प्रसंग लिहा आणि पूर्ण झालेली निदान 3 कामं शोधा. ही पायरी गाळू नका, त्या जुन्या वाक्यापासून अंतर इथेच पडतं. चौथ्या दिवशी नवं वाक्य: ‘मुदत ठरलेली असली की माझं काम पूर्ण होतं, नसली की रेंगाळतं.’ त्याखाली आजच करायची 10 मिनिटांची एक कृती.

नवं वाक्य गोड वाटलं पण पटलं नाही, तर ते खोडा. चारही दिवस तेच शब्द येत असतील तर ते उगाळणं आहे. तेव्हा ‘कारण’ आणि ‘आता कळतं की’ असे शब्द असलेली वाक्यं मुद्दाम लिहा. जुनी जखम उघडून झोप उडाली, तर थांबा आणि समुपदेशकाकडे जा.